जपानी हायस्कूलमधली मुलं इंग्रजीत बोलती कशी करावीत?

शेवंती · ९ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

एप्रिलपासून मी ओकायामा प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून काम करतेय. इथे या पदाला एएलटी म्हणतात. पहिल्या वर्षाचे सहा वर्ग माझ्याकडे आहेत. मुलं आपल्या दहावीच्या वयाची, एका वर्गात ४०. प्रत्येक वर्गावर आठवड्यातून एक तास, ५० मिनिटांचा. सोबत शाळेच्या इंग्रजीच्या बाई असतात, त्या मनापासून मदत करतात.

मुलं गुणी आहेत. तास सुरू होताना उभं राहून, वाकून नमस्कार. वह्या नीट. दिलेला कागद दोन मिनिटांत भरून तयार. पण बोलायचं म्हटलं की वर्ग चिडीचूप. मागच्या मंगळवारी मी विचारलं, 'हू हॅज अ क्वेश्चन?' चाळीस माना खाली. एका मुलीला तोच प्रश्न सोपा करून विचारला, तर तिने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे, आणि तिघींनी जपानीत कुजबुजून ठरवलेलं उत्तर आलं: 'नो.' 'हाउ आर यू' म्हटलं की मात्र अख्खा वर्ग पाढे म्हटल्यासारखा एका सुरात 'आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?'

पुण्यात चार वर्षं मी कॉलेजच्या मुलांना संभाषण शिकवलं. तिथे मुलांना गप्प बसवावं लागायचं. ते टाचण इथे चालत नाही. नेमणूक करणाऱ्या कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यातला निम्मा वेळ पोशाख आणि हजेरीत गेला. उन्हाळी सुट्टीआधी प्रत्येक वर्गाचे पाच तास हातात आहेत आणि जुलैत मुलांची तोंडी परीक्षा. मुलांना आपणहून बोलावंसं वाटेल असे तास कसे आखायचे? खेळांची नुसती यादी नको, ती नेटवर ढिगाने आहे.

मुक्काम_चिबा · ९ जून, रात्री ११:०२

शेवंतीताई, मी चिबात सहा वर्षं हेच काम केलंय. पहिलं म्हणजे, 'मुलांना येत नाही' हे डोक्यातून काढा. ज्युनियर हायस्कूलची तीन वर्षं झालीत, आणि २०२० पासून तर प्राथमिकच्या पाचवी-सहावीलाही इंग्रजी रीतसर विषय आहे. त्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नसतं. मुलांच्या तोंडी एक शब्द सारखा ऐकाल, 'हाझुकाशी'. लाज वाटते, कसंतरीच होतं, असं काहीतरी.

म्हणून अख्ख्या वर्गाला उद्देशून प्रश्न टाकायचाच नाही. क्रम असा ठेवा. प्रश्न फळ्यावर. एक मिनिट प्रत्येकाने स्वतःशी दोन शब्द खरडायचे. मग शेजाऱ्याशी बोलायचं. आणि शेवटी वर्गासमोर सांगायचं ते स्वतःचं नाही, शेजारी काय म्हणाला ते. 'माय पार्टनर लाइक्स रेनी डेज.' उत्तर दुसऱ्याचं असलं की मुलं बिनधास्त बोलतात. जोडीत आधी कोणी बोलायचं यावर पाच मिनिटं 'तू आधी, तू आधी' चालतं, तिथे जानकेन करायला लावा, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. 'साइश्यो वा गू' म्हणताच अर्धा वर्ग जागा होतो.

आणि थांबायला शिका. प्रश्न विचारून आपण एक सेकंदही थांबत नाही, लगेच स्वतःच उत्तर देतो. मी मनात दहा आकडे मोजायचो. सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी तोंड उघडायचं.

खमंग · ९ जून, रात्री ११:२०

वाचतोय. मुलांना वडापाव दाखवला का?

तात्पुरता · १० जून, सकाळी ८:४१

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. जपानमध्ये विद्यापीठाच्या सामाईक परीक्षेत इंग्रजीला २०० गुण आहेत, १०० वाचनाचे आणि १०० ऐकण्याचे. बोलण्याचा एकही नाही. चारही कौशल्यांसाठी खासगी परीक्षा जोडायची योजना होती, ती २०१९ च्या नोव्हेंबरात पुढे ढकलली आणि नंतर गुंडाळलीच. मग ही मुलं गप्प बसतात ते समंजसपणे वागताहेत. त्यांना ऐकण्याचा आणि वाचण्याचा सराव द्या. जानकेन खेळून कोणाला प्रवेश मिळालाय?

निशिकासाईकर · १० जून, सकाळी ९:१५

तात्पुरता, माझी मुलगी तोक्योच्या सरकारी हायस्कूलमध्ये आहे. तोक्योत २०२२ पासून ज्युनियर हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला बोलण्याची परीक्षा असते. कानाला हेडफोन, समोर टॅब्लेट, त्यात बोलायचं. सरकारी हायस्कूलच्या प्रवेशात त्याचे गुण धरतात. म्हणजे वारं फिरतंय, फक्त सगळ्या प्रांतांत सारखं नाही.

काल रात्री हा धागा मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, उत्तर येत असतं. पण आधी हात वर केला आणि बरोबर आलं तर 'हिला येतं' असं होतं. चुकलं तर 'हिला येत नाही' असं होतं. मला दोन्ही नकोय." ती लहानपणी तीन वर्षं सिंगापूरला होती, इंग्रजी चांगलं बोलते. पण वर्गात मुद्दाम 'माकुदोनारुदो' म्हणते. घरी आली की मॅकडॉनल्ड्स.

शेवंती · १० जून, दुपारी १२:५०

निशिकासाईकर, तुमच्या मुलीला माझ्याकडून खूप खूप आभार. 'दोन्ही नकोय' हे वाचून डबा खाता खाता थांबले. माझ्या १-५ वर्गात एक मुलगा आहे, कागदावर सुंदर इंग्रजी लिहितो, बोलताना मुद्दाम तुटक बोलतो. मी त्याला सगळ्यांसमोर 'व्हेरी गुड!' म्हणत होते. आता कळतंय त्याचा चेहरा का पडायचा.

@खमंग, पहिल्याच तासाला दाखवला. पाव बघून 'पान! पान!' म्हणाली मुलं.

खमंग · १० जून, दुपारी १:०५

बरोबरच म्हणाली! आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगिजांनी दिलेले, एकाच शब्दातून. गोव्याला उतरले तिथे पाव झाला, जपानला गेले तिथे पान. तंबाखू आणि 'ताबाको' तसंच. पाव खाऊन वर तंबाखू मळणारी आमच्या आळीतली मंडळी निम्मं जपानी बोलतात म्हणायची :)

आरोही_पुणे · १० जून, दुपारी ४:३०

खमंग, हा धडाच होईल! अगं शेवंती, मी पुण्यात जपानी शिकवते, म्हणजे तुझ्या उलट बाजूला उभी आहे. आपल्याला या मुलांच्या चुका आतून कळतात, हा मराठी शिक्षकाचा मोठा फायदा आहे. 'वाताशी वा एइगा ओ मिमाशिता', शब्दाला शब्द ठेव: मी सिनेमा पाहिला. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाला मागून, आणि 'मी' गाळला तरी चालतो. 'अ' आणि 'द' त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. बाराखडीचा क्रमसुद्धा तोच, का सा ता ना हा मा या रा वा. बौद्ध पंडितांनी नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो तिकडे बसला.

एक जागा सांभाळ. 'डोन्ट यू लाइक नात्तो?' (नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन) असं विचारलंस तर ज्याला आवडत नाही तो 'येस' म्हणेल. जपानीत 'हो, नाही आवडत' असंच म्हणतात. आपणही तेच म्हणतो की. त्यामुळे सुरुवातीला नकारार्थी प्रश्न टाळ, आणि एखाद्या तासाला मुद्दाम त्याच्यावरच खेळ घे.

आर-एल च्या मागे लागू नकोस. बोलणं चालू असताना 'राइस'चा 'लाइस' सुधारलास की पुढची चार वाक्यं गेलीच म्हणून समज.

दिगंबर_सर · १० जून, रात्री ९:०८

शेवंती, मी सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. जपान पाहिलेला नाही. पण गप्प वर्ग पाहिलेत, एकेका वर्गात ६० मुलं. आमच्याकडे २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. पाचवीची मुलं 'व्हॉट इज धिस? धिस इज अ पेन' मोठ्याने म्हणायची. पेन माझ्या हातात, सगळ्यांना दिसतंय. जे दिसतंय ते कशाला विचारायचं? मुलांना ते कळत होतं, मला कळायला आठ वर्षं लागली.

मग एकदा मी दप्तरात काहीतरी लपवून नेलं. फणसाची आठळी होती. कापडात गुंडाळली, एका मुलाच्या हातात दिली आणि म्हटलं, इतरांनी इंग्रजीत प्रश्न विचारायचे, याने फक्त येस किंवा नो म्हणायचं. 'इज इट हार्ड?' 'कॅन वी ईट?' वीस मिनिटं प्रश्न संपेनात. शेवटच्या बाकावरचा एक जण उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, स्मेल इट?' वाक्य चुकीचं. पण वर्षभरात त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

माझं सगळं टाचण त्यानंतर बदललं. तास आखताना मी एवढंच लिहायचो: आज कोणाला काय माहीत नाही, आणि ते कोणाकडे आहे? ते नसेल तर मुलं आपल्यासाठी बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. 'हू हॅज अ क्वेश्चन' विचारण्याआधी तुमच्याकडे त्यांना हवं असलेलं काहीतरी असलं पाहिजे.

तात्पुरता यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. परीक्षेला तुच्छ लेखू नये, मुलांचं आयुष्य त्यावर अडतं. पण ऐकण्याचे १०० गुण आहेत ना? जोडीदाराचं तुटकं बोलणं ऐकून त्यावरून चित्र काढायचं, यापेक्षा कसून ऐकणं दुसरं कुठे होतं?

मुक्काम_चिबा · १० जून, रात्री १०:२२

सर, साष्टांग नमस्कार. हे मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!

तात्पुरतांच्या मुद्द्यावर माझं उत्तर: पुस्तकातलाच धडा घ्या. २०२२ पासून हायस्कूलला 'इंग्लिश कम्युनिकेशन' आणि 'लॉजिक अँड एक्स्प्रेशन' असे दोन विषय आहेत. पहिल्याच्या पुस्तकात भरपूर मजकूर असतो. बाई तो शिकवतात, त्या आठवड्यात तोच धडा तुम्ही मुलांकडून सांगून घ्यायचा. चार चित्रं आणि सहा शब्द द्या, पुस्तक बंद, जोडीदाराला गोष्ट सांगा. पहिल्यांदा ९० सेकंद. मग जोडीदार बदलायचा, तीच गोष्ट ६० सेकंदांत. परत बदला, ४५. तिसऱ्यांदा सांगताना मुलं अडखळत नाहीत, कारण काय बोलायचं ते ठरलेलं असतं. बाईंचा पाठ पुढे सरकतो, परीक्षेची उजळणी होते, आणि तुमचा तास 'खेळाचा तास' राहत नाही.

बाईंशी दर आठवड्याला दहा मिनिटं बसा, हे मात्र ठरवून मागून घ्या. परदेशी सहायक शिक्षक आणणारा जपान सरकारचा जेट कार्यक्रम १९८७ साली चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन सुरू झाला, तेव्हापासून एएलटी लोकांची एकच तक्रार चालत आलीय: आम्हाला जिवंत टेपरेकॉर्डर करून ठेवलंय. वाचून दाखवा, मुलं मागून म्हणतील. बाईंना तुमचा उपयोग कसा करायचा हे कोणी शिकवलेलं नसतं. तुम्ही सुचवलंत तर बहुतेक जणी खूश होतात.

तात्पुरता · ११ जून, सकाळी ८:१०

पुस्तकातला धडा घेऊन करणार असाल तर माझी हरकत नाही. सरांचा ऐकण्याचा मुद्दाही पटला. एक मात्र मागणी राहील, मुलांना हे कशासाठी ते सांगा. माझ्या वेळी कोणी सांगितलं नाही. बारावीपर्यंत इंग्रजीत ८० च्या वर गुण, आणि पहिल्या नोकरीत फोन वाजला की मी जागेवरून उठून जायचो.

अबोली_क · ११ जून, सकाळी ११:४७

ओकायामा!! शेवंती, तुझ्या हातात तर आयतं घबाड आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच केलंय. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान! तुझ्या मुलांपैकी किती जणांना माहीत असेल की त्यांच्या बागेची धाकटी बहीण पुण्यात आहे? सरांच्या नियमात चपखल बसतं. जोडीतल्या एकाला कोराकुएनचा फोटो, दुसऱ्याला पुण्याचा. कागद दाखवायचा नाही, विचारून विचारून काय सारखं आणि काय वेगळं ते शोधायचं. तळं, पूल, हिरवळ दोन्हीकडे. पण कोराकुएनमागे काळा किल्ला दिसतो, तो पुण्यात कुठून आणणार?

फोटो हवे असतील तर रविवारी मी जाऊन काढून आणते. दत्तवाडीलाच राहते.

शेवंती · ११ जून, दुपारी १२:३५

अबोली, काढच! पाट्यांचेही काढ, मराठी अक्षरं दिसू देत. मी इथे दोन महिने राहतेय, कोराकुएनला दोनदा जाऊन आले आणि हे मनात आलं नाही. बाईंना आत्ताच स्टाफरूममध्ये सांगितलं, त्यांनाही पुण्याची बाग माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, कोराकुएनला आमची मुलं प्राथमिकच्या सहलीत जाऊन येतात, म्हणजे बोलायला शब्द सापडतील.

निशिकासाईकर · ११ जून, रात्री ८:५५

मुलीची अजून एक सूचना. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला काय म्हणायचं ते आधी शिकवा. जपानीत समोरचा बोलत असताना सारखं 'हेऽऽ', 'उन उन', 'सो नान दा' चालू असतं, त्याला आइझुचि म्हणतात. इंग्रजीत ते काय म्हणायचं हे माहीत नसलं की ऐकणारा दगडासारखा बसतो, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपलं चुकलं. आपणही फोनवर 'हं… हं… अगंबाई… मग?' केल्याशिवाय बोलू शकत नाही ना, तसंच.

आरोही_पुणे · ११ जून, रात्री ९:३०

लाख बोललीस पोरी! 'रिअली?', 'मी टू', 'नो वे', 'अँड देन?' एवढे चार पुरे. चिठ्ठ्या करून बाकावर ठेव, म्हटलं की चिठ्ठी पालथी करायची. आणि वेळ उरला तर शिरितोरी घे. आपल्या गावांच्या भेंड्याच त्या, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. जपानीत अर्ध्या 'न्'वर संपणारा शब्द म्हटला तो बाद, कारण त्या 'न्'वरून शब्द सुरू होत नाही. इंग्रजीत ती अडचण नाही, पण मुलं सवयीने 'ट्रेन' म्हणून स्वतःच ओरडतात.

खमंग · ११ जून, रात्री ९:४१

आम्ही 'ळ'वर अडकायचो.

शेवंती · ४ जुलै, रात्री ९:२०

मंडळी, उशिरा येतेय, पण सांगायला बरंच आहे.

अबोलीचे फोटो घेऊन बागेचा तास सहाही वर्गांत झाला. आधीच्या तासाला चार चिठ्ठ्या आणि पुस्तकातली गोष्ट ९०-६०-४५ ने केली होती. बागेच्या तासाला सुरुवातीलाच सांगितलं, दोन बागा आहेत, एक तुमची, एक माझ्या गावची, आणि कोणाकडे कुठली आहे हे मला माहीत नाही. खरंच नव्हतं, पाकिटं बाईंनी भरली होती.

१-२ मध्ये एका जोडीचं भांडण जुंपलं. दोघांच्याही चित्रात तळं आणि पूल. 'माय पिक्चर इज ओकायामा.' 'नो, माय पिक्चर इज ओकायामा!' पाच मिनिटं. शेवटी मुलीने विचारलं, 'डू यू हॅव अ ब्लॅक कॅसल?' मुलगा चित्रात नाक खुपसून बघतोय, आणि मग हळूच, 'ओह. आय अ‍ॅम इंडिया.' बाई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो.

१-५ मधल्या त्या मुलाने, कागदावर सुंदर लिहितो तो, पाटीचा फोटो हातात धरून जोडीदाराला अक्षरांचं वर्णन केलं: 'द लेटर्स आर हँगिंग फ्रॉम अ लाइन, लाइक लाँड्री.' मी त्याच्या बाकापाशी उभी होते. वर्गासमोर काही म्हटलं नाही. त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात फक्त देवनागरीत त्याचं नाव लिहून दिलं, वरची दोरी ओढून. तास संपल्यावर अकरा जण रांगेत, आमचंही लिहून द्या. त्या रांगेत सगळे इंग्रजीत बोलले, कारण मला जपानी फार येत नाही हे त्यांना माहीत आहे.

१-३ मध्ये मात्र काहीच झालं नाही. त्यांचा त्याआधीचा तास पोहण्याचा. केस ओले, डोळे मिटताहेत, जोड्यांनी चित्रं एकमेकांना सरळ दाखवून टाकली आणि कागद भरून दिला. तेच टाचण, तीच चित्रं.

आता तोंडी परीक्षा. वर्गात २० जोड्या, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ४० मिनिटं, वर जोड्या बदलायला वेळ. बसत नाही. चिबाकर, तुम्ही कसं करायचात?

मुक्काम_चिबा · ४ जुलै, रात्री १०:०५

'आय अ‍ॅम इंडिया' वाचून बायकोला हाक मारून दाखवलं!

एका तासात करूच नका, दोन तासांत वाटा. एका तासाला १० जोड्या, अदलाबदल धरून २५-३० मिनिटं. बाई वर्गात लेखी काम देतील, तुम्ही व्हरांड्यात दोन खुर्च्या टाका. वर्गासमोर नको, निशिकासाईकरांच्या मुलीचं वाक्य आठवा. तीन विषय आधी सांगून ठेवा, कुठला ते चिठ्ठी उचलून. आणि गुण उच्चाराला देऊ नका. जोडीदाराच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारला का, चिठ्ठीतलं काहीतरी योग्य जागी म्हटलं का, आणि अडल्यावर दोघांनी मिळून मार्ग काढला का, एवढंच बघा. बाईंशी हे आधी कागदावर ठरवून घ्या, नाहीतर गुण जुळत नाहीत.

दिगंबर_सर · ५ जुलै, सकाळी ७:१२

शेवंती, १-३ च्या मुलांना पुन्हा तीच बाग देऊ नकोस, त्यांना ती आता माहीत आहे. दमलेल्या वर्गाला बसवून ठेवलं की झोपतात. चित्रं भिंतींवर लाव, जोडीतला एक जण चालत जाऊन पाहून येईल, दुसरा बसून लिहील. आणि त्यांच्यासाठी दप्तरात काहीतरी वेगळं ने. ओकायामात फणस मिळत नसेल, पण पीच तर प्रसिद्ध आहेत म्हणे.

शेवंती · ५ जुलै, दुपारी १२:४०

सर, पीच त्यांना वासावरून पाच सेकंदांत कळेल! आईने पाठवलेल्या डब्यात आमसुलं आहेत. काळी, सुरकुतलेली. इथे कोणी पाहिलेली नाहीत. कापडात गुंडाळून नेते.

बाईंनी वेळापत्रकात अदलाबदल करून दिलीय. सोमवारी १-३ चा तास पोहण्याच्या आधी आहे.